पाटील की जाधव? आडनावाच्या स्पेलिंगमागे धावताना

आजच्या एपिसोडचा शेवटचा भाग रामकुंडावर फोनवर रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे घंटा आणि रिक्षा दोन्ही ऐकू येतील. इथे लिहून देताना थोडी काटछाट केली आहे.

विषय आमच्या घरातूनच निघाला. निफाड तालुक्यात आजोबांच्या वडिलांच्या नावावर थोडी जमीन आहे. वारस नोंद लावायला गेलो तर जुन्या कागदावर आडनाव 'जाधव'. आणि बाबांच्या शाळेच्या दाखल्यापासून माझ्या बीटेकच्या डिग्रीपर्यंत सगळीकडे 'पाटील'. कागद परत आले: हे दोघं एकाच घरातले कशावरून? बाबा गप्प. त्यांनाही नीट सांगता येईना.

आता यात नवल काही नाही. आपल्याकडे पद किंवा किताब आडनावाच्या जागी येऊन बसतो, आणि मग उठत नाही. कुलकर्णी, देशमुख, चिटणीस. पाटलांचं वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्याने गेलं, आडनाव राहिलं. नाशिककरांना तर लांब जायला नको. ज्यांची घंटा प्रसिद्ध आहे, ते रामेश्वराचं देऊळ 1747 मध्ये बांधणारे नारो शंकर. त्यांचा 'राजेबहादूर' हा किताबच पुढे घराण्याचं आडनाव झाला. 'नारो' म्हणजे नारायण, 'राघो' म्हणजे रघुनाथ. आणि बाजीराव बल्लाळ यातलं 'बल्लाळ' हे आडनाव नाहीच, वडील बाळाजी म्हणून मुलगा बल्लाळ. शाळेत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आयर्लंडमध्येही असंच. तिथल्या मध्ययुगीन नोंदींत 'उआ नेल' येतं. 'उआ' म्हणजे नातू, वंशज. त्याचंच पुढे 'ओ नेल', आणि इंग्रजी कारकुनांच्या हातून 'ओनील'. आपल्याकडे त्याच इंग्रजीने शिंद्यांचं 'सिंदिया' केलं, आणि धार-देवासच्या पवारांचं 'पुआर'.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिल्यांदा कोडच लिहिला. साउंडेक्स नावाची पद्धत आहे, 1918 चं अमेरिकन पेटंट. इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. शिंदे टाकलं, एस530. सिंदिया टाकलं, तेही एस530! पवार आणि पुआर, दोन्ही पी600. मी खुर्चीतून उठलोच. मग आमचं टाकलं. जाधव: जे310. विदर्भात 'व'च्या जागी इंग्रजी 'ओ' लावून जे जाधव लिहितात ते: जे300. जुळलं नाही. गायकवाडांचं शेवटचं अक्षर जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'आर' आणि आता 'डी', तेही जुळत नाही. आणि पाटील-जाधव तर कुठलंच गणित जुळवणार नाही, कारण तिथे आवाज बदललेला नाही, शब्दच दुसरा आहे.

म्हणून शेवटी रामकुंड. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, गावाप्रमाणे लावलेल्या. घरातलं कुणी दिवस करायला, अस्थी घेऊन किंवा नुसतं स्नानाला आलं की नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून ठेवायची. गुरुजींनी आडनाव विचारलंच नाही. "गाव कुठलं? मूळ गाव सांगा, राहायचं नको." गाव सांगितलं, वही आली.

पानं मोडीत. मोडी मी यूट्यूबवरून शिकलोय, म्हणजे वाचता येते असं म्हणायचं आणि घाम पुसायचा. मोडीत इ-उचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, आणि शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नाही. आधी डोक्यावरची रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. कुठे नाव संपलं आणि कुठे आडनाव सुरू झालं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. (युनिकोडमध्ये मोडी 2014 ला आली. आमच्या कामाला अजून माणूसच लागतो.)

गुरुजी बोट फिरवत वाचत गेले. शके 1838, म्हणजे 1916-17. पणजोबांच्या वडिलांचं नाव, पणजोबांचं नाव, आणि सलग एका ओळीत: 'जाधवपाटील'. खाली पुढच्या भेटीची नोंद बाळबोधीत, आजोबांच्या अक्षरात. त्यात फक्त 'पाटील'. वर बाप-आजा तेच.

पानाचा फोटो काढला. बाबांना दाखवला तर ते आडनावाकडे बघेचनात. "हे दादांचं अक्षर," एवढंच म्हणाले.

एकट्या वहीवर काम होत नाही, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतंय आणि अर्ज अजून टेबलावरच आहे. पण प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं ते तरी आता कळलंय.

निघताना गुरुजींनी वही माझ्याकडे सरकवली. "आलात तर तुमचीही नोंद करा." आजीचं नाव वहीत कुठेच नव्हतं, ते आधी लिहिलं. मग आईचं, बहिणीचं. आडनावापाशी पेन थांबलं. 'जाधव', मग एक बोट जागा सोडली, मग 'पाटील'.