एअर इंडिया–इंडियन एअरलाइन्स वैमानिक ज्येष्ठता वाद

एअर इंडिया–इंडियन एअरलाइन्स वैमानिक ज्येष्ठता वाद हा २००७ साली या दोन सरकारी विमान कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर उद्भवलेला सेवाविषयक वाद होय. सहवैमानिकास कॅप्टनपद केव्हा मिळावे, नव्या विमानांचे प्रशिक्षण कोणास द्यावे आणि दोन्ही गटांना समान वेतन असावे काय, हे त्यातील प्रमुख प्रश्न होते. या वादातून २०११ आणि २०१२ मध्ये दोन मोठे संप झाले.

ज्येष्ठतेचे महत्त्व

विमान कंपनीत वैमानिकाचा ज्येष्ठताक्रम हा त्याच्या कारकिर्दीचा कणा असतो. सहवैमानिकाकडे आवश्यक उड्डाणतास व परवाना असला, तरी जागा रिकामी झाल्यावर आणि सूचीत आपला क्रम आल्यावरच तो विमानाच्या डाव्या आसनावर, म्हणजे कॅप्टनच्या जागी बसू शकतो. कोणत्या प्रकारचे विमान चालवायचे, हेही बऱ्याच अंशी याच क्रमावर अवलंबून असते. कंपनी बदलल्यास जुनी ज्येष्ठता सामान्यतः सोबत जात नाही. म्हणून दोन कंपन्या एकत्र आल्या, की दोन सूच्या कशा गुंफाव्यात हा प्रश्न कळीचा ठरतो.

त्यासाठी नेमणुकीच्या तारखेनुसार एकच क्रम लावणे, दोन्ही सूच्यांतून ठरावीक प्रमाणात नावे घेणे, किंवा काही काळ विशिष्ट विमाने मूळ गटासाठी राखून ठेवणे, असे मार्ग वापरले जातात. प्रत्येक मार्गात कोणाचा तरी क्रम खाली जातो. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने विलीनीकरणात ज्येष्ठता न्याय्य रीतीने एकत्र करण्याचे व त्यासाठी लवादाचे बंधन घातले.

पार्श्वभूमी

१९५३ च्या कायद्यान्वये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन दोन महामंडळे अस्तित्वात आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाकडे प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय, तर इंडियन एअरलाइन्सकडे मुख्यतः देशांतर्गत वाहतूक होती. पहिलीकडे मोठी बोइंग विमाने होती, तर दुसरीच्या ताफ्यात एअरबस ए-३२० सारखी लहान विमाने अधिक होती. वेतनपद्धती व पदोन्नतीचा वेगही वेगवेगळा होता.

एअर इंडियाने विलीनीकरणापूर्वी बोइंग कंपनीकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली होती. त्यांत २७ बोइंग ७८७ ड्रीमलायनर होती. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या 'नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड'मध्ये विलीन झाल्या. २०१० मध्ये तिचे नाव एअर इंडिया लिमिटेड झाले. कंपनी एक झाली, परंतु वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांची 'इंडियन पायलट्स गिल्ड' आणि इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची 'इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन' या त्या संघटना होत.

संप

एप्रिल २०११ मध्ये असोसिएशनने वेतनसमानतेच्या मागणीसाठी संप पुकारला. तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिटला. यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने जानेवारी २०१२ मध्ये वेतन व सेवाशर्तींच्या एकत्रीकरणाविषयी अहवाल दिला.

मे २०१२ मध्ये गिल्डच्या वैमानिकांनी आजारपणाची रजा घेऊन काम बंद केले. ड्रीमलायनर विमाने आपल्या कंपनीने मागवली असल्याने त्यांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना दिल्यास आपली कॅप्टनपदाची संधी आणखी लांबेल, अशी त्यांची तक्रार होती. विलीनीकरणानंतर ताफा एकाच कंपनीचा असल्याने दोन्ही गटांना प्रशिक्षण मिळालेच पाहिजे, अशी व्यवस्थापनाची भूमिका होती. व्यवस्थापनाने गिल्डची मान्यता काढून घेतली व सुमारे १०० वैमानिकांना बडतर्फ केले. दिल्ली उच्च न्यायालयात झालेल्या सुनावणीनंतर ५८ दिवसांनी, ३ जुलै रोजी संप मागे घेण्यात आला. पहिले ड्रीमलायनर सप्टेंबर २०१२ मध्ये भारतात आले.

तत्सम प्रश्न

सेवांच्या एकत्रीकरणाचा असाच प्रश्न राज्य पुनर्रचनेच्या वेळी सरकारी नोकरांपुढे उभा राहिला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यासह मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि दोन राज्यांच्या कर्मचाऱ्यांची एकच ज्येष्ठतासूची करावी लागली. पदांची समकक्षता ठरवताना कर्तव्यांचे स्वरूप, अधिकार व जबाबदाऱ्या, किमान पात्रता आणि वेतन हे चार निकष मानले गेले. नुसते वेतन समान असले म्हणजे पदे समान होत नाहीत, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

नंतरचा काळ

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तीत विलीन झाली. त्यापूर्वी एप्रिल २०२४ मध्ये नव्या वेतनरचनेवरील नाराजीमुळे विस्ताराचे अनेक वैमानिक कामावर न आल्याने बरीच उड्डाणे रद्द झाली. विलीनीकरणाच्या वेळी निवृत्तीचे वय एअर इंडियात ५८, तर विस्तारात ६० होते. वरिष्ठ वैमानिक जितका उशिरा निवृत्त होतो तितके डावे आसन उशिरा रिकामे होते. त्यामुळे वयोमर्यादेतील दोन वर्षांचा फरकही ज्येष्ठतेच्याच प्रश्नाशी जोडला जातो.