‘स्क्रम’ हा व्यूह नव्हे

मलकापूर या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यांत, एक कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यांत. येथें अभिप्रेत आहे तें सातारा जिल्ह्यांतील, कऱ्हाडास लागून आगाशिवाच्या डोंगराजवळ वसलेलें मलकापूर. पत्रव्यवहारांत या गांवांचा घोटाळा वारंवार होतो, म्हणून खुलासा आरंभींच केला. या मलकापुरांतील एका तरुण क्रीडाशिक्षकांनीं गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे एक विनंती आणली. ते मुलांस रग्बी शिकवितात. मुलें बहुतेक तालमींत वाढलेलीं. खेळांतील ‘स्क्रम’ नामक जी आठ-आठ गड्यांची भिडंत, तींतील जागांस व हुकुमांस इंग्रजी शब्द आहेत आणि ते मुलांच्या डोक्यांत बसत नाहींत. “गुरुजी, आपण संस्कृताचे, व्यूहशास्त्रांतून आम्हांस शब्द काढून द्या,” असें त्यांचें म्हणणें. सोबत कोठून तरी उतरून घेतलेली एक यादीहि होती. तींत पुढील तिघांस ‘उरस्य’, कडेच्या दोघांस ‘पक्ष’, मधल्या दोघांस ‘कक्ष’ व अगदीं मागच्या एकास ‘प्रतिग्रह’ अशीं नांवें घातलेलीं असून, स्क्रम म्हणजे आपलाच प्राचीन व्यूह होय असा शेरा खालीं होता.

यादी करणारा चतुर आहे यांत संशय नाहीं. परंतु ती स्वीकारूं नये असें आमचें मत झालें. हा वाद निव्वळ शब्दांचा असता तर त्रैमासिकाचीं पानें आम्ही अडविलीं नसतीं. स्क्रममध्यें चुकीच्या रीतीनें शिरलेल्या मुलाच्या मानेस जन्माची इजा होऊं शकते, व तो कसा शिरतो हें बरेंचसें त्यास कोणत्या शब्दानें शिकविलें यावर ठरतें.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. रग्बीच्या एका संघांत पंधरा गडी. चेंडू हातून पुढें निसटला, किंवा असाच कांहीं किरकोळ नियमभंग झाला, म्हणजे खेळ थांबतो व त्या जागीं दोन्ही संघांचे आठ आठ गडी एकमेकांस भिडतात. पुढच्या ओळींत तिघे. मध्यें हूकर व त्याच्या दोहों बाजूंस प्रॉप. त्यांच्या मागें दोन लॉक, ज्यांचीं डोकीं हूकर आणि प्रॉप यांच्या कमरांमधील फटींत जातात. दोन्ही कडांस एक एक फ्लँकर, खांदा प्रॉपच्या मांडीस लावून. सर्वांत मागें आठवा. त्याचें डोकें दोन लॉकांच्या मध्यें. समोरासमोरचे तिघे डोकीं एकमेकांच्या डोक्यांमधल्या जागेंत घालतात. डाव्या प्रॉपचें डोकें एका बाजूनें मोकळें राहतें, उजव्याचें मात्र दोन्ही बाजूंनीं अडकतें. म्हणून उजवी जागा अधिक कठीण समजतात. मग स्क्रम-हाफ हा नववा गडी मधल्या बोगद्यांत चेंडू टाकतो, हूकर तो पायानें मागें ओढतो आणि आठहि जण रेटतात.

हा रेटा तळपायापासून निघून मांडी, कंबर, पाठ आणि खांदा या वाटेनें पुढें जातो. पाठीस बाक आला कीं तो तेथेंच मोडतो, व मागून येणारें बळ पुढच्याच्या मणक्यावर पडतें. म्हणून जाणते शिक्षक सांगतात तें इतकेंच: पाय खांद्यांइतके फांकलेले, गुडघे वांकलेले, पाठ सपाट, हनुवटी छातीपासून सुटी, नजर पुढें, आणि खांदे कमरेहून खालीं कदापि जाऊं द्यावयाचे नाहींत. ही शेवटची अट तर नियमांतच घातलेली आहे.

आतां व्यूहाकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्र्यांच्या हातीं आली व १९०९ मध्यें त्यांनीं ती छापली, हें वाचकांस ठाऊक आहे. त्यांतील सांग्रामिक नांवाच्या दहाव्या अधिकरणांत व्यूहविभागांविषयीं दोन मतें दिलीं आहेत. औशनस मताप्रमाणें दोन पक्ष, उरस्य व प्रतिग्रह असे चार विभाग. बार्हस्पत्य मताप्रमाणें त्यांत दोन कक्ष मिळवून सहा. यादी करणाऱ्यानें नांवें येथूनच घेतलीं. परंतु त्याच प्रकरणांत सैनिकांमधील अंतरें सांगितलीं आहेत, तीं त्यानें वाचलेलीं दिसत नाहींत. पायदळांतील दोन शिपायांमध्यें एक शम, म्हणजे चौदा अंगुळें; स्वारांमध्यें तीन शम; रथ व हत्ती यांच्यामध्यें पांच. राजानें प्रतिग्रहासह दोनशें धनू मागें राहावें असेंहि सांगितलें आहे. म्हणजे व्यूहाचा प्राण अंतरांत आहे. प्रत्येकाचें शस्त्र स्वतंत्र, प्रत्येकास तें चालविण्यापुरती मोकळीक, आणि तरी सर्वांची मांडणी एक. स्क्रममध्यें अंतर शून्य असतें. तेथें कोणास स्वतंत्र हालचाल नाहीं. आठ शरीरांचें एक शरीर करावयाचें असतें.

त्यांतहि ‘प्रतिग्रह’ हा शब्द आम्हांस घातक वाटतो. प्रतिग्रह म्हणजे मोडलेल्या सैन्यास सांवरून घेण्याकरितां मागें राखलेलें बळ. स्क्रममधील आठव्याचें काम याच्या नेमकें उलट असून त्याचा खांदा पहिल्या क्षणापासून लागलेला असावा लागतो. ‘तूं प्रतिग्रह’ असें सांगितलेला मुलगा सैल उभा राहील व मागाहून धांवत येऊन आदळेल. त्या धक्क्याचें फळ पुढचे भोगतील. आमच्या ग्रंथांत सर्व कांहीं होतें असें म्हटल्यानें ग्रंथांची प्रतिष्ठा वाढत नाहीं. त्यांत जें खरोखर आहे तें वाचावयाचें मात्र राहून जातें.

शिवाय स्क्रम ही कोणा एका शास्त्रकारानें मांडलेली रचनाच नव्हे. ती घासत घासत आजच्या रूपास आली आहे. इंग्लंडांतील रग्बी येथील शाळेनें आपले नियम १८४५ मध्यें लिहून काढले. १८७१ सालीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला सामना झाला तेव्हां संघांत वीस वीस गडी होते. पंधरांची संख्या १८७७ मधील. आरंभीं गडी जवळजवळ उभेच राहून ढकलीत, व चेंडू पायांनीं पुढेंच न्यावयाचा असे. तो मागें काढून देणें हीनपणाचें मानीत. डोकें खालीं घालून चेंडू मागें ओढावयाची रीत पुढें रुळली. न्यूझीलंडचे लोक कित्येक वर्षें पुढें दोन, मध्यें तीन व मागें दोन अशी सातांचीच रचना करीत आणि आठवा गडी बाहेर मोकळा ठेवीत. १९३० नंतरच्या नियमबदलानें पुढच्या ओळींत तिघे आवश्यक झाले, तेव्हां ती मोडली. भिडण्याचे हुकूमहि बदलत आले आहेत. २००७ मध्यें पंचाचे शब्द ‘क्राउच, टच, पॉज, एंगेज’ असे चार झाले. २०१२ त ‘क्राउच, टच, सेट’. २०१३ पासून ‘क्राउच, बाइंड, सेट’. या बदलांमागें मानेच्या इजांचें भय हें मोठें कारण होतें. पूर्वी दोन फळ्या दुरून येऊन आदळत. आतां आधीं एकमेकांस धरावयाचें व मग भिडावयाचें. एकोणीस वर्षांखालील मुलांस तर दीड मीटरपलीकडे रेटा नेण्याची मनाईच आहे.

हा खेळ आपल्या देशीं नवा, असाहि एक समज आहे. कलकत्त्यास १८७२ च्या नाताळांत त्याचा सामना झाला व पुढील वर्षारंभीं क्लब निघाला. तो फार दिवस टिकला नाहीं. १८७८ मध्यें मोडतांना पेढीवरील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून, ते २७० रुपये वितळवून, त्यांचा एक चषक घडविला. हत्तीच्या झांकणाचा व तीन नागांच्या मुठींचा हा चषक इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या दरम्यान १८७९ पासून खेळला जातो. नाणकसंग्राहकांसाठीं इतकें जोडतों कीं रुपया एक तोळ्याचा व त्यांत बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे मूळ धातु २७० तोळे व शुद्ध चांदी सुमारें २४७॥ तोळे. मुंबईस १८७५ सालीं जिमखाना निघाला व तेथेंहि हा खेळ रुजला. परंतु तो दीर्घकाळ गोऱ्यांच्या मैदानापुरता राहिला. मराठी बोलणाऱ्या शिक्षकानें मराठी मुलांस तो शिकवावा ही गोष्ट अलीकडची, व म्हणूनच शब्दांची ही अडचण.

तर मग शब्द घ्यावे कोठून? आमचें उत्तर, तालमींतून. मल्लविद्येची परंपरा या भागास परकी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेल्या ‘मानसोल्लासां’त मल्लविनोदाचें प्रकरण असून मल्लांचे वर्ग, आहार, श्रम व डाव यांचा विचार त्यांत आहे. याच सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य यानें करहाटाच्या, म्हणजे आपल्या कऱ्हाडच्या, शिलाहार राजकन्येस स्वयंवरांत वरिल्याचें बिल्हणानें वर्णिलें आहे. त्या काव्याची पोथी ब्यूलर यांस १८७४ मध्यें जैसलमेर येथें मिळाली. गुजराथेंतील ज्येष्ठीमल्लांचें ‘मल्लपुराण’ १९६४ मध्यें बडोद्याच्या ग्रंथमालेंत निघालें. परंतु हे दोन्ही ग्रंथ एकास एक अशा झुंजीचे आहेत. आठांनीं मिळून रेटावें कसें, हें त्यांत नाहीं.

तालमींतला मुलगा स्क्रमकडे येतो तो मोठें भांडवल घेऊन. जोर-बैठकांनीं मांड्या व खांदे तयार, मान घट्ट, आणि खडाखडींत समोरच्याचा तोल हातांनीं ओळखण्याची संवय. प्रॉपला यापेक्षां निराळें काय हवें? परंतु एक गोष्ट त्याला विसरावी लागते, व ती विसरणें फार जड जातें. कुस्तींत समोरच्यास खालीं ओढणें, मुरगळणें, पाडणें यांतच यश आहे. स्क्रममध्यें पाडणें हा अपराध, आणि पुढची ओळ कोसळली तर सर्वांत मोठा धोका. वस्तादानें वर्षानुवर्षें हाडांत मुरविलेला डाव ऐन भिडंतीच्या क्षणीं हाताबाहेर जातो. येथून जवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांस असेंच वळण बदलावें लागलें होतें. मातींत वाढलेला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत गादीवर लढला. तत्पूर्वीं रीस गार्डनर या अमेरिकी शिक्षकाचें मार्गदर्शन त्यास लाभलें होतें. तेथें सहावा क्रमांक आला व १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक. जुनी विद्या टाकून नव्हे, तिची दिशा बदलून हें साधलें.

मिळून जोर लावण्याची खूण हुतूतूच्या सांखळींत सांपडते. चढाई करणाऱ्यास वेढतांना हात धरून उभे असलेल्यांपैकीं एकाची बोटें सुटलीं कीं सर्वांची मेहनत फुकट, हें मुलास लहानपणींच कळलेलें असतें. सांखळी आंत खेंचते व स्क्रम पुढें रेटतो, हा भेद खरा. पण ‘माझें बळ शेजाऱ्याच्या हातांतून जातें’ ही जाणीव एकच. शिक्षकांनीं आरंभ येथून करावा.

स्क्रममधून चढाई कशी निघते हा पुढचा भाग. सोळा गडी चार-पांच पावलांच्या जागेंत गुंतलेले. मैदानाची रुंदी सत्तर मीटरपर्यंत. आणि उरलेल्यांस नियमानें आपल्या शेवटच्या पायापासून पांच मीटर मागें राहावें लागतें. इतकी मोकळी भूमि खेळांत एरव्हीं क्वचितच मिळते. आपला स्क्रम उजव्या खांद्यानें थोडा पुढें सरकला, तर त्या बाजूचा शत्रु मागें रेटला जात असतो. अशा वेळीं आठव्यानें चेंडू उचलून उजवीकडे घुसावें व नवव्यास द्यावा. उलट बाजू दबली तर चेंडू तत्काळ बाहेर काढून लांबच्या अंगास न्यावा. म्हणजे रेटा हा केवळ बळाचा हिशेब नसून चढाई कोणत्या अंगानें करावयाची याचा तो पहिला इशारा असतो, आणि तो इशारा नवव्यानें डोळ्यांनीं टिपावयाचा. खोखोंत आठ बसलेले व नववा धांवता, तसे येथें आठ गुंतलेले व नववा सुटा. या संख्यासाम्यावरून कोणी नातें जोडूं नये, एवढी विनंती. शिकविण्यास मात्र उपमा चांगली आहे: बसलेल्यांचीं तोंडें कोणीकडे आहेत हें पाहूनच ‘खो’ द्यावा लागतो.

खोखोचें नांव निघालें म्हणून संग्राहकांस एक सांगणें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ मध्यें त्याचे नियम बांधले; बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२४ मध्यें नियमावलि छापली. मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ बडोद्यास १९३६ ते १९४९ या काळांत निघाला, तो पुष्कळांच्या कपाटांत आहे. परंतु सुट्या नियमपत्रिका, सामन्यांचीं हस्तपत्रकें, वस्तादांच्या मेहनतीच्या वह्या या आमचे लोक पोथीबरोबर ठेवीत नाहींत. त्या रद्दींत जातात. संघानें खेळावयाची विद्या कशी शिकविली जात असे, तें त्याच कागदांवर आहे. कऱ्हाड, वाळवें, शिराळें या बाजूस कोणाजवळ असें कांहीं असेल तर त्यानें नक्कल तरी करून ठेवावी.

शिक्षकांस आम्हीं शेवटीं दिले ते शब्द असे. प्रॉपला ‘धिरा’; जुन्या वाड्यांत तुळईस देतात तोच, डावा धिरा व उजवा धिरा. लॉकला ‘खीळ’. फ्लँकरला ‘कडेचा’. आठवा तो आठवाच. हुकूम तीन: ‘वांक’, ‘धर’, ‘भिड’. सामन्यांत पंच इंग्रजींतच बोलतो, म्हणून सरावांत प्रत्येक मराठी शब्दामागून त्याचा इंग्रजी जोडीदारहि उच्चारावा, असें सुचविलें. ‘खीळ’ त्यांनीं नाकारली. खीळ पडणें म्हणजे अडथळा येणें, मुलें हंसतील असें म्हणाले, आणि तें योग्यच होतें. त्या जागीं तूर्त ‘लॉक’च चालूं आहे. हूकरसाठीं आम्ही ‘आकर्षक’ सुचविणार होतों, तोंच कळलें कीं मुलांनीं आधींच त्यास ‘आकडा’ म्हणावयास आरंभ केला आहे.