पारितोषिकांची भाकणूक

सोलापूरकरांना भाकणुकीचे महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर होम प्रज्वलित होतो. आणि त्या रात्री एक साधे वासरू साऱ्या गावाचे ज्योतिषी बनते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या त्या मुक्या जिवापुढे धान्य, फळे असे खाण्याचे जिन्नस मांडतात. ते कशाला तोंड लावते, कशाकडे पाठ फिरवते, बावरते की शांत उभे राहते, यावरून जाणती मंडळी पुढल्या वर्षाचे पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. भाकणूक खरी ठरली तर वासराचा मान वाढतो. खोटी ठरली तरी पुढच्या संक्रांतीला गर्दी तेवढीच असते!

चित्रपटांच्या दुनियेतही अशीच एक भाकणूक दरसाल चालते. तिचा हंगाम नेमका आपल्या नवरात्र-दिवाळीचा. मे महिन्यात कान, ऑगस्टअखेरीस व्हेनिस, सप्टेंबरात टोरांटो असे मोठे महोत्सव उरकतात, आणि मग जगभरची वर्तमानपत्रे याद्या छापू लागतात: येत्या मार्चमध्ये ऑस्करच्या शर्यतीत कोण कोण असेल, नटांत कोण, दिग्दर्शकांत कोण, परभाषी चित्रपटांत कोण. यांतले कित्येक चित्रपट सामान्य प्रेक्षकाने पाहिलेले नसतात; काही तर चित्रगृहात लागलेलेही नसतात. तरी त्यांच्या विजयाची गणिते मात्र तयार असतात. या भाकणुकीचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि त्याचे काही धागे थेट आपल्या सोलापूरच्या मातीत येऊन रुजले आहेत.

ऑस्करचा पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी झाला, तेव्हा भाकितांना वावच नव्हता. विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झाली होती; लोक जेवायला आले आणि टाळ्या वाजवून घरी गेले. पुढे निकाल समारंभाच्या रात्रीपर्यंत गुप्त ठेवण्याची प्रथा पडली. पण वर्तमानपत्रांना वेळेवर छपाई करता यावी म्हणून नावे आधी विश्वासाने कळवली जात. १९४० साली लॉस एंजलिसच्या एका दैनिकाने तो विश्वास मोडला आणि समारंभाआधीच विजेत्यांची यादी छापून टाकली. पाहुणे मंडळी निकाल वाचूनच आत शिरली! झाले, पुढल्या वर्षापासून मोहोरबंद लिफाफा आला. आज ज्या लिफाफ्याकडे कोट्यवधी लोक श्वास रोखून पाहतात, तो एका वर्तमानपत्राच्या आगाऊपणातून जन्मला आहे. आणि लिफाफा बंद झाला, तेव्हाच भाकिताचा धंदा खऱ्या अर्थाने उघडला.

आपल्याकडे ही गोष्ट जरा वेगळ्या वाटेने आली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. हा चित्रपट कितपत चालेल, याविषयी धंद्यातल्या जाणत्यांनाच शंका होती, अशी आठवण सांगितली जाते. तो एकाच चित्रगृहात सलग ५७ आठवडे चालला. पुढे १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. इंद्रायणीकाठच्या एका वाण्याची कथा, ती सांगणारी मराठी आणि ती ऐकणारे इटलीतले परीक्षक! हे आधी कुणी वर्तवले असते, तर त्याला लोकांनी वेड्यातच काढले असते.

सोलापूरचा एक सुपुत्र पडद्यावर आला तो १९४६ साली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३८ साली पाच डॉक्टरांचे भारतीय वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यात ते होते. आणि तिकडेच, रुग्णसेवा करता करता, ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे देहावसान झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखनावरून व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. परदेशांतील प्रेक्षकांसाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही तयार झाली. त्या वेळी आपल्या देशात राष्ट्रीय पारितोषिके नव्हती, तेव्हा भाकितही नव्हते. चित्रपट निघाला, लोकांनी पाहिला, सोलापूरचे नाव दूरवर गेले. कधी कधी वाटते, तो काळ त्या बाबतीत सुखाचाच होता.

१९५४ साल उजाडले आणि एकाच वर्षी दोन न्यायासने उभी राहिली. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात फिल्मफेअर पारितोषिकांचा पहिला समारंभ झाला. त्यासाठी मासिकाच्या वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते दिली होती; सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला मिळाला. त्याच वर्षी सरकारने राष्ट्रीय पारितोषिके सुरू केली, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. ‘दो बिघा जमीन’ला तिथे गुणवत्ता प्रशस्तिपत्र मिळाले. लोकांचा कौल एकीकडे, समितीचा कौल दुसरीकडे! दोन्ही चित्रपट थोरच. पण ‘पारितोषिक कुणाला मिळेल’ या प्रश्नाला ‘देणारा कोण’ हे ठरल्याशिवाय उत्तर नसते, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

आणि ‘श्यामची आई’ ज्यांच्या पुस्तकावरून निघाला ते साने गुरुजी सोलापूर जिल्ह्याला परके नाहीत. मे १९४७ मध्ये पंढरपुरात विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले होते. सुवर्णपदक पाहायला मात्र ते राहिले नाहीत. १९५० सालीच ते गेले होते.

यानंतरची झुंज अशी रंगली की तिच्यावर एखादे नाटक व्हावे. १९५७ च्या शरदात दोन मोठे चित्रपट एकामागोमाग आले. एक मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’, दुसरा व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’. दुसऱ्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिचे बीज आपल्या शेजारच्या माणदेशातले. त्या वेळच्या औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत होती. संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश अभियंते यांनी १९३९ च्या सुमारास तिथे एक धाडसी प्रयोग केला: खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना बेड्या नाहीत, भिंती नाहीत, फक्त शेत आणि विश्वास. माडगूळकर त्याच मुलखातले. सांगोल्याच्या शिवेला लागून असलेल्या त्या माळरानावरची हकीगत पडद्यावर आली, तेव्हा ती सहा खुनी कैदी आणि एक जेलर यांची गोष्ट झाली. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्याला जबर इजा झाली, हेही प्रसिद्धच आहे.

आता निकाल पाहा. वाचकांच्या मतांचे फिल्मफेअर पारितोषिक ‘मदर इंडिया’ला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘दो आँखें बारह हाथ’ला, ‘मदर इंडिया’ला तिथे प्रशस्तिपत्र. ऑस्करच्या परभाषी विभागात तेव्हा नुकतीच स्पर्धा सुरू झाली होती. भारताने पाठवलेला पहिला चित्रपट ‘मदर इंडिया’, आणि तो अखेरच्या पाचांत पोचला. मार्च १९५८ मध्ये बाहुली नेली ती मात्र इटलीच्या फेलिनी यांच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ने. इकडे ‘दो आँखें’ बर्लिनला गेला आणि १९५८ साली तिथले रौप्य अस्वल घेऊन आला. पुढे अमेरिकेतल्या गोल्डन ग्लोब पारितोषिकांतही त्याचा सन्मान झाला. एकाच वर्षाचे दोन चित्रपट. पण दिल्ली, मुंबई, बर्लिन आणि लॉस एंजलिस यांचे तराजू निरनिराळे. कुणाला खरा विजेता म्हणायचे?

भाकीत करणारे मूर्ख असतात, असे मात्र कुणी समजू नये. त्यांचा हिशेब पक्का असतो. कुठल्या महोत्सवाचे पारितोषिक पुढे कितपत वजन टाकते, कुठल्या संघटनेचे सभासद ऑस्करलाही मत देतात, कुणाचा वितरक जाहिरातीवर पैसा ओतू शकतो, हे ते बारकाईने पाहतात, आणि अखेरच्या आठवड्यात त्यांचे अंदाज बहुतेक बरोबर येतात. अडचण आहे ती पहिल्या अंदाजांची. ते कलाकृतीवरून बांधले जात नाहीत. ते नावांवरून, पैशांवरून आणि गतसालच्या अनुभवावरून बांधले जातात. आडत बाजारात माल येण्याआधी भाव फुटावा, तसा हा प्रकार. भाव फुटतो तो ओळखीच्या मालाचा. ज्या शेतात कुणी डोकावलेच नाही, तिथल्या पिकाचा भाव कोण सांगणार?

आपल्या देशापुरता यात आणखी एक घाट आहे. दरवर्षी ऑस्करसाठी देशाने एकच चित्रपट पाठवायचा, आणि तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. म्हणजे परदेशी पंडितांनी कितीही भाकिते केली, तरी पहिला लिफाफा इथेच उघडतो. २०१३ साली ‘द लंचबॉक्स’चे नाव अनेकांच्या यादीत होते, समितीने गुजराती ‘द गुड रोड’ पाठवला. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कानचे ग्रँड प्री हे पारितोषिक जिंकले, समितीने ‘लापता लेडीज’ निवडला, आणि डिसेंबरमधल्या पंधरा चित्रपटांच्या यादीत तो नव्हता. योगायोग असा की या दोन्ही चित्रपटांत आपली छाया कदम आहे. पारडे कुठेही झुकले असते, तरी ही मराठी बाई त्यात होतीच!

मराठी चित्रपटाचे म्हणाल, तर ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ पुन्हा आपल्याकडे यायला तब्बल पन्नास वर्षे लागली. २००४ साली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने ते आणले. डोळे गमावणार असलेला नातू आणि त्याला जग दाखवू पाहणारा आजोबा, एवढीच ती गोष्ट. भारताने तोच चित्रपट ऑस्करला पाठवला; पण तिथल्या प्रचाराला पैसा कुठून आणायचा? तेव्हा शाळेतल्या मुलांपासून मोठ्यांपर्यंत महाराष्ट्राने वर्गणी काढली. अखेरच्या पाचांत ‘श्वास’ आला नाही. परंतु गणपतीची वर्गणी द्यावी त्या आपुलकीने लोकांनी एका चित्रपटासाठी पैसे दिले, ही घटना कुठल्या बाहुलीपेक्षा लहान म्हणावी? पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपटही भारताच्या वतीने त्या वाटेवर गेले.

आणि मग करमाळा तालुक्यातले जेऊर. रेल्वेने पुण्याहून सोलापूरला येताना लागणारे हे स्टेशन चित्रपटाच्या कुठल्याही नकाशावर नव्हते. नागराज मंजुळे तिथले. ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तरी पुढच्या शर्यतीच्या यादीत त्यांचे नाव घालणारे थोडेच होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘फँड्री’ लागला. डुकरे पकडणाऱ्या कैकाडी घरातला जब्या, त्याचे शाळेतले प्रेम, आणि सगळ्या गावादेखत होणारी त्याची विटंबना. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले; जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला उत्कृष्ट बालकलाकाराचे. दोन वर्षांनी ‘सैराट’ आला. करमाळ्याच्या कमलादेवीच्या परिसरातली ती पायऱ्यांची विहीर सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. अकलूजच्या रिंकू राजगुरू या शाळकरी मुलीचा राष्ट्रीय पारितोषिकांत विशेष उल्लेख झाला, चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला, आणि मराठी चित्रपटाने कधी न पाहिलेला शंभर कोटींचा टप्पा त्याने ओलांडला. त्या साली ऑस्करला मात्र भारतातर्फे तमिळ ‘विसारनै’ गेला.

इथे थोडे थांबून विचार करावा. साने गुरुजींनी पंढरपुरात ज्या दारासाठी उपवास केला, त्याच दाराबाहेरची माणसे ‘फँड्री’त आहेत. मंदिराचे दार उघडले. पडद्याचे दार उघडायला आणखी साठ-पासष्ट वर्षे गेली. ज्यांना पडद्यावरच जागा नव्हती, त्यांना पारितोषिकाच्या भाकितात कोण जागा देणार? संभाव्य विजेत्यांच्या याद्यांचे खरे वैगुण्य हेच. त्या चुकतात याचे दुःख नाही; भविष्य सांगणारा चुकणारच. त्या कुणाकडे पाहायचेच विसरतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवले. तेव्हाही कित्येक मराठी घरांनी हे नाव त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकले.

तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर यंदाही भाकितांची यादी अवश्य वाचावी. मुलांना कागद-पेन्सिल देऊन घरातल्या घरात पैजाही लावाव्यात. लाडवाच्या पैजेला काही हरकत नाही. पण त्या यादीत नसलेला एखादा मराठी चित्रपट आपल्या गावच्या चित्रगृहात, दुपारच्या एकुलत्या खेळाला, रिकाम्या खुर्च्यांपुढे चालू असेल, तर चार तिकिटे काढून घरच्यांसह तो पाहून यावे. ‘संत तुकाराम’ सत्तावन्न आठवडे चालला तो व्हेनिसच्या मानपत्रामुळे नव्हे. तिकीट काढून येणाऱ्या माणसांनी तो चालवला, आणि मानपत्र मागाहून आले.