ओवी ते नाट्यछटा : साहित्यसंज्ञांचा प्रवास

उपमा, रूपक, कथानक, स्वगत, शोकान्तिका हे शब्द कानी पडले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतील परीक्षा आठवते. व्याख्या पाठ करायची, उत्तरपत्रिकेत उतरवायची आणि विसरून जायची, एवढाच त्यांचा उपयोग, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु या संज्ञा कोणी एका बैठकीत बसून ठरवलेल्या नाहीत. त्या त्या काळी एखाद्या रचनेला नाव देण्याची गरज पडली, तेव्हा लोकांनी, कवींनी, नाटककारांनी आणि टीकाकारांनी ती नावे दिली. त्यांचा इतिहास ठाऊक नसेल, तर वाचकाच्या हातून साहित्यकृतीवर अन्याय होतो. तसा अन्याय आमच्या हातूनही एकदा घडला आहे.

सेमिनरीत असताना आम्हांला छंदशास्त्राची जुजबी ओळख झाली होती. लघुगुरू मोजणे, गण पाडणे यांचे मोठे वेड लागले होते. त्या भरात आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हाती घेतले आणि अक्षरे मोजू लागलो. एका चरणात अक्षरे कमी, दुसऱ्यात अधिक; हिशेब काही केल्या जुळेना. बिचाऱ्या परदेशी माणसाला आपले वृत्त साधले नाही, असा निष्कर्ष काढून तो आम्ही एका टिपणात लिहूनही टाकला. आमच्या शिक्षकांनी ते टिपण शांतपणे वाचले आणि एवढेच विचारले, "ज्ञानेश्वरीची अक्षरे मोजलीत का?" त्या रात्री आम्ही ती मोजली. तेथेही हिशेब जुळेना. तेव्हा कोठे उमगले, की चूक कवीची नव्हती. चुकीचे माप हाती घेऊन बसलेल्या वाचकाची होती.

ओवी हे अक्षरगणवृत्त नव्हे. ग्रंथांतील ओवीचे पहिले तीन चरण साधारण सारख्या लांबीचे असून त्यांच्या शेवटी यमक असते. चौथा चरण आखूड असतो व तो यमकातून मोकळा असतो. म्हणूनच ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात. अक्षरसंख्येचे बंधन सैल असते, कारण ही रचना मुळात गळ्यातून आलेली आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ११२९ सालच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० साली ओवीत गीताटीका सांगितली, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ती उखळामुसळाच्या तालावर रुळलेली होती. आमची आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत असे. तिने कधी अक्षरे मोजली नाहीत. जात्याचा फेरा पुरा होईल इतके शब्द तिला पुरत. ओवीची व्याख्या आमच्या घरातच फिरत होती आणि आम्ही ती पुस्तकात शोधत होतो.

फादर स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. त्या काळच्या एकाही मुद्रित आवृत्तीची प्रत आज हाती नाही. १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि १९५६ साली शान्ताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले. 'पुराण' हीदेखील एक साहित्यसंज्ञाच आहे. श्रोत्याने शंका विचारावी आणि वक्त्याने विस्ताराने कथा सांगावी, ही पुराणाची रीत. ती ध्यानी घेतली, की त्यातील विस्तार हा पाल्हाळ वाटत नाही. याच ग्रंथात मराठी भाषेची प्रसिद्ध स्तुती आहे. फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष यांतील एकेक श्रेष्ठ वस्तू घेऊन कवी मराठीला तिची उपमा देतो. उपमेय एकच, उपमाने अनेक. आपले अलंकारशास्त्र याला मालोपमा म्हणते. ही संज्ञा ठाऊक असलेल्या वाचकाला दिसते, की हा परदेशी कवी केवळ शब्द शिकला नव्हता, तर ते माळेत ओवण्याची येथली रीतही शिकला होता.

आता गद्याकडे वळू. 'कादंबरी' हे सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत कथेचे नाव, आणि तेच तिच्या नायिकेचेही. एका नायिकेचे विशेषनाम मराठीत साऱ्या साहित्यप्रकाराचे सामान्यनाम झाले. गुजरातीने 'नवलकथा' हा शब्द घेतला, हिंदीने 'उपन्यास'. आपण मात्र बाणाची नायिकाच घरी आणली. बाबा पदमनजी यांचे १८५७ साली निघालेले 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. परंतु त्याच्या उपशीर्षकात कादंबरी हा शब्द नाही. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे ते 'निरूपण' आहे, असे ग्रंथकार सांगतात. निरूपण हा शब्द कीर्तनकाराचा. यमुना आणि तिचा पती प्रवास करतात व वाटेत विधवांच्या हकिकती ऐकतात. प्रवास हा दोरा आणि हकिकती हे मणी. आजच्या वाचकाला त्यात घट्ट कथानक सापडत नाही आणि तो निराश होतो. घटना कोणत्या कारणाने एकीतून दुसरी निघते, त्या गुंफणीला कथानक म्हणतात. येथे ग्रंथकाराला गुंफणीपेक्षा निरूपण हवे होते. जे देण्याचे त्याने कबूलच केले नव्हते, ते मागून त्याला नापास करणे न्यायाचे नव्हे.

नाटकाची परिभाषा बहुतांशी संस्कृतातून आली. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा सूत्रधार आणि विदूषक प्रेक्षकांना अनोळखी नव्हते. परंतु संस्कृत नाट्यपरंपरेने दुःखात संपणाऱ्या नाटकाला सहसा थारा दिला नव्हता. इंग्रजी नाटकांशी परिचय वाढला, विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या १८६१ सालच्या नाटकाने प्रेक्षकांना शोकपूर्ण शेवट दाखवला, आणि अशा कृतींसाठी पुढे 'शोकान्तिका' हा शब्द रूढ झाला. तो सोयीचा आहे, पण थोडा फसवाही आहे. केवळ शेवटी कोणी मेले म्हणून शोकान्तिका होत नाही. माणूस आपल्याच एखाद्या दोषाने किंवा टाळता न येणाऱ्या संघर्षाने विनाशाकडे ओढला जातो, हे त्यात महत्त्वाचे असते.

काही संज्ञा तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात जन्मल्या. केशवसुतांनी १८९२ साली चौदा ओळींची इंग्रजी घडणीची कविता मराठीत लिहिली आणि तिला 'चतुर्दशक' म्हटले. पुढे मूळ इंग्रजी शब्दाशी ध्वनीने जुळणारा 'सुनीत' हा शब्द टिकला. 'दिवाकर' या नावाने लिहिणाऱ्या शंकर काशीनाथ गर्गे यांनी १९११ पासून 'नाट्यछटा' लिहिल्या. त्यांत एकच पात्र बोलते; समोरच्याचे बोलणे आपण तर्काने ओळखायचे. स्वगतात मनुष्य स्वतःशी बोलतो, नाट्यछटेत तो दुसऱ्याशी बोलत असतो. हा भेद न जाणता कोणी नाट्यछटा रंगमंचावर स्वगतासारखी म्हटली, तर तिचा निम्मा जीव जातो.

वाचकहो, संज्ञा आधी आणि वाचन मागून, असा क्रम मात्र कोणी धरू नये. तो धरल्यामुळेच आमची फजिती झाली. आधी कविता मोठ्याने म्हणावी, गोष्ट शेवटपर्यंत वाचावी, नाटक पाहावे. मग तिला काय म्हणतात आणि तसे का म्हणतात, हे विचारावे. मुलांना शिकवतानाही हाच क्रम हितकर आहे. ते जुने टिपण आम्ही अजून जपून ठेवले आहे. त्याच्या खाली आमच्या शिक्षकांनी गुण दिलेले नाहीत. फक्त 'पुन्हा वाचावे' असे लिहिले आहे. ती आज्ञा आम्ही आजही पाळत आहोत.