'ड्रंकन मास्टर' : कुंग-फू आणि हास्य यांचा संगम

बंगळुरूपासून सुमारे ३५० किलोमीटर अंतरावरील हंपी येथे हाँगकाँगचे अभिनेते जॅकी चॅन यांच्या 'द मिथ' या चित्रपटाचे काही चित्रीकरण झाले होते. २००५ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात गोंदाच्या सरकत्या पट्ट्यावरील एक मारामारी आहे. ती पाहताना भीतीऐवजी हसूच येते. मारामारीतून हसवण्याची चॅन यांची ही शैली लोकप्रिय झाली ती १९७८ सालच्या 'ड्रंकन मास्टर'पासून.

जुलै १९७३ मध्ये ब्रूस ली यांचे निधन झाल्यानंतर हाँगकाँगचे निर्माते त्यांच्यासारखा नायक शोधत होते. चॅन यांनाही त्याच साच्यात बसवण्याचा प्रयत्न झाला, परंतु तो फसला. पुढे लो वेई यांच्याशी करारबद्ध असलेले चॅन दोन चित्रपटांसाठी सीझनल फिल्म कॉर्पोरेशनकडे उसने गेले. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' हा पहिला आणि 'ड्रंकन मास्टर' हा दुसरा. दोन्हींचे दिग्दर्शन युएन वू-पिंग यांचे होते.

चित्रपटाचा नायक वाँग फेइ-हुंग ही खरी व्यक्ती. दक्षिण चीनमधील हे वैद्य आणि युद्धकलेचे गुरू १९२५ साली निवर्तले. १९४९पासून अभिनेते क्वान तक-हिंग यांनी अनेक चित्रपटांत त्यांना धीरगंभीर, आदर्श पुरुष म्हणून रंगवले होते. 'ड्रंकन मास्टर'ने मात्र या पूजनीय पुरुषाला उनाड पोर केले. वडील कंटाळून त्याला सो नावाच्या मद्यपी, फाटक्या गुरूच्या हवाली करतात.

यानंतरचा प्रशिक्षणाचा भाग हाच चित्रपटाचा प्राण. उलटे टांगलेला नायक खालच्या भांड्यातील पाणी इवल्याशा पेल्यांनी वरच्या भांड्यात भरतो. प्रेक्षक हसतात, पण त्यातील शारीरिक कष्ट खोटे नाहीत. चॅन यांचे बालपण पेकिंग ऑपेराच्या कठोर शाळेत गेले होते आणि तेथील कोलांट्या, तोल व वेळेचे भान येथे विनोदाच्या कामी आले.

सो आपल्या शिष्याला आठ मद्यधुंद सिद्धपुरुषांच्या शैली शिकवतो. त्यांपैकी हो नावाच्या स्त्रीची शैली बायकी म्हणून नायक टाळतो. अखेरच्या लढतीत ह्वांग जंग-ली यांनी साकारलेल्या मारेकऱ्यासमोर उरलेल्या सातही शैली अपुऱ्या पडतात. न शिकलेली आठवी शैली त्याला तिथल्या तिथे स्वतःच रचावी लागते आणि तो नटव्या चालीने जिंकतो. अशी खोड मोडण्याची रीत उपदेशापेक्षा कितीतरी सरस म्हणावी लागेल.

सो या गुरूची भूमिका दिग्दर्शकाचे वडील युएन सिऊ-तिएन यांनी केली. साठी ओलांडलेल्या या नटाला कीर्ती उशिरा लाभली. जानेवारी १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. चिरंजीव वू-पिंग यांनी पुढे १९९९ सालच्या 'द मॅट्रिक्स'मधील हाणामारीची दृश्ये बसवली.