खाजकुयली, काजळी आणि डोपामिन

पावसाळा ओसरला की आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरकडच्या उतारांवर झुडपांना वेढून खाजकुयलीचे वेल दिसू लागतात. जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, मागून शेंगा धरतात. त्या शेंगांवरच्या सोनेरी लवेच्या वाटेला कुणी जात नाही. आयुर्वेदाने मात्र या कपिकच्छूच्या बियांना औषधांत मानाची जागा दिली. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा हे द्रव्य वेगळे काढले. त्याचे महत्त्व तेव्हा कुणाला ठाऊक असणार? मेंदू त्यापासून डोपामिन बनवतो आणि डोपामिन आटले की कंपवात जडतो, हे कळू लागले ते स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांच्या १९५७ नंतरच्या कामामुळे.

मग प्रश्न उभा राहिला मोजमापाचा. मारलेल्या प्राण्याच्या मेंदूचा अर्क काढून डोपामिन मोजता येई. जिवंत मेंदूत ते क्षणाक्षणाला किती आहे, हे सांगणारे साधन नव्हते. ते साधन शेवटी कोळशाच्या घराण्यातून आले.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांना पाऱ्यासारखे थेंबाथेंबाने पडणारे कोळशाचे विद्युताग्र करायचे होते. ते काही जमले नाही. पण ग्राफाइटची पूड चिकट द्रवात कालवून केलेला लगदा हाताशी उरला आणि १९५८ मध्ये त्याचेच विद्युताग्र झाले. तत्त्व सोपे आहे. डोपामिनचा रेणू योग्य दाबाची वीज मिळताच दोन इलेक्ट्रॉन सोडतो. त्यांचा प्रवाह मोजला की डोपामिन मोजले गेले. चिरलेले केळे काळे पडते तेही बरेचसे त्यातल्या डोपामिनच्या ऑक्सिडीकरणामुळेच. आणि तो काळेपणा इथेही आडवा येतो: विद्युताग्रावर पुटे चढतात आणि ते बधिर होते.

१९७३ मध्ये ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी कोळशाचे अग्र उंदराच्या मेंदूत उतरवले. प्रवाह मिळाला, पण तो बव्हंशी डोपामिनचा नव्हता. आवळ्यात असते तेच क जीवनसत्त्व मेंदूतल्या द्रवात डोपामिनच्या हजारो पटींनी असते आणि जवळजवळ त्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडते. जत्रेच्या गोंगाटात एका माणसाची कुजबुज ऐकण्यासारखे हे काम. पुढे फ्रान्समध्ये गोनाँ यांनी आणि अमेरिकेत वाइटमन यांनी केसाहून बारीक कोळशाचे तंतू वापरून ती कुजबुज वेगळी ऐकू येईल इथपर्यंत मजल मारली.

या कथेतले मुंबईचे पान फारसे सांगितले जात नाही. १९९१ मध्ये जपानच्या इजिमा यांच्या शोधनिबंधाने कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांकडे जगाचे लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी एबसन आणि पुलिकेल अजयन यांनी त्या भरपूर बनवण्याची रीत दिली. १९९६ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ब्रिटो आणि संतानम यांनी अजयन यांच्यासह अशा नलिकांचा ब्रोमोफॉर्ममध्ये लगदा केला, तो काचेच्या नळीत भरला आणि डोपामिनच्या द्रावणात बुडवला. इलेक्ट्रॉन जितक्या सहज सुटले तितक्याच सहज परत घेतले गेले. निबंध अवघ्या पाच पानांचा. जगभर नलिकांच्या विद्युताग्रांवर जे अफाट लिहिले गेले, त्याच्या आरंभी या निबंधाचा हवाला सापडतो.

त्याच दशकात त्याच संस्थेचे दुसरे एक साधन जुन्नर तालुक्यात उभे राहत होते. खोडदला, नारायणगावच्या पूर्वेला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. डोंगरांचा आडोसा आणि शहरी रेडिओ-कोलाहलापासूनचे अंतर पाहूनच ही जागा निवडली गेली. कुजबुज ऐकायची तर आधी गोंगाट दूर सारायचा, ही अडचण खोडद आणि कुलाबा दोन्हीकडे सारखीच. तबकड्या शेतांवरून मैलभर दिसतात, शाळांच्या सहली तिथे येतात. काचेच्या नळीतला काळा लगदा कोण पाहायला जाणार? आपल्याकडची विज्ञानाची कीर्ती पुष्कळदा आकारमानाने ठरते, असे मला वाटते.

कुलाब्याच्या प्रयोगाला पुढे शंकाही विचारल्या गेल्या. ऑक्सफर्डमधल्या कॉम्प्टन यांच्या गटाने दाखवले, की नलिकांच्या नावावर जमा झालेले बरेचसे श्रेय ग्राफाइटच्या उघड्या कडांचे आणि नलिकांत राहून गेलेल्या धातूंच्या कणांचे असते. हा आक्षेप रास्त आहे. पण वाद घालण्याजोगा पदार्थ मुळात डोपामिनसमोर धरून पाहिला कुणी, हेही नोंदवायला हवे. नलिकांमागून ग्राफीन आले आणि छपाईच्या शाईसारखा कार्बन प्लास्टिकच्या पट्ट्यांवर उमटवला जाऊ लागला.

कुयलीच्या बियांकडे पुन्हा पाहावे लागते ते इथे. बियांतल्या डोपाचे प्रमाण वेलागणिक बदलते. कंपवाताच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाने वर कुयलीचे चूर्ण घेतले, तर त्याच्या पोटात एकूण किती डोपा गेला, हे डॉक्टरला कळणे अवघड. डोपाही कार्बनच्या अग्रावर डोपामिनसारखेच इलेक्ट्रॉन सोडतो, आणि प्रयोगशाळेत तो असा मोजलाही जातो. जुन्नरच्या औषध दुकानात मात्र रक्तातली साखर मोजणारी पट्टी मिळते; चूर्णाच्या पुडीतला डोपा मोजणारी मिळत नाही.