डर्बीची लेक, डेरा बाबा नानकची सून

कबीर बेदी हे नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. आजचा भाग आहे त्यांच्या आईवर, फ्रेडा बेदींवर. त्यांच्याबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा ऑक्सफर्डमधल्या प्रेमापाशीच थांबतात. मला मात्र त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रेम दोघांच्या मनावर असतं हो, पण 'ही आपली' हे गावाने म्हणावं लागतं, आणि सरकारनेही.

फ्रेडा हूल्स्टन यांचा जन्म १९११ चा, इंग्लंडमधल्या डर्बीचा. वडील घड्याळं आणि दागिन्यांच्या धंद्यात. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले, तेव्हा ही पोर सात वर्षांची होती. पुढे ती ऑक्सफर्डला शिकायला गेली आणि तिथे तिला भेटले लाहोरचे प्यारेलाल बेदी. बेदी म्हणजे गुरू नानकांचं कूळ. १९३३ मध्ये दोघांनी तिथेच नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आता गंमत बघा: कायद्याने दोघंही ब्रिटिश प्रजाजनच! अडचण होती ती कातडीच्या रंगाची.

१९३४ साली तान्ह्या रंगाला घेऊन ते मुंबई बंदरात उतरले. डाव्या विचारांची माणसं, म्हणून सामानाची कसून झडती झाली. तिथून पंजाब. सासूबाईंसमोर फ्रेडा गेल्या त्या पांढऱ्या सुती साडीत, आणि वाकून पाया पडल्या. संसार मांडला लाहोरच्या मॉडेल टाऊनबाहेर, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत. वीज नाही, नळ नाही. फ्रेडा कॉलेजात इंग्रजी शिकवत, लेख लिहीत. पंजाबातल्या खेड्यांवर, तिथल्या बायकांवर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'बिहाइंड द मड वॉल्स', म्हणजे मातीच्या भिंतींपलीकडे.

मग आलं दुसरं महायुद्ध. ऑक्टोबर १९४० मध्ये आपल्या पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. सत्याग्रहींची नावं गांधीजी स्वतः तपासून ठरवत. त्या यादीत फ्रेडा होत्या. नवरा आधीच देवळीच्या छावणीत स्थानबद्ध, रंगा सहा वर्षांचा. शिवाय मायदेशावर हिटलरचे बॉम्ब पडत होते. फॅसिझमच्या त्या कट्टर विरोधक, तरीही हिंदुस्थानला न विचारता त्याला युद्धात ओढणं त्यांना मान्य नव्हतं. हा निर्णय सोपा नव्हताच.

सत्याग्रहासाठी त्यांनी जागा निवडली डेरा बाबा नानक. गुरदासपूर जिल्ह्यातलं, रावीकाठचं, बेदींचं मूळ गाव. म्हणजे लाहोरच्या चौकात नाही, तर सासरच्या गावात, सून म्हणून. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथेच अटक झाली. पकडायला मुद्दाम गोरा अधिकारी पाठवला होता आणि न्याय द्यायला बसलेलाही इंग्रजच. इंग्रज बाई म्हणून सवलत हवी का, असं त्याने विचारलं. फ्रेडांनी सांगितलं, मला हिंदी स्त्रीसारखंच वागवा. तीन महिने त्या लाहोरच्या तुरुंगात होत्या.

फाळणीत लाहोर सुटलं. डेरा बाबा नानक भारतात राहिलं, समोरचं कर्तारपूर पाकिस्तानात गेलं. फ्रेडा पुढे काश्मीरला गेल्या, बौद्ध झाल्या, १९६६ मध्ये त्यांनी तिबेटी परंपरेत दीक्षा घेतली आणि १९७७ मध्ये दिल्लीत देह ठेवला.

ऑक्सफर्डच्या कचेरीत त्या बेदींची बायको झाल्या. पण या मातीतलं माणूस म्हणून वागवून घ्यायला त्यांना कोर्टात तसं मागावं लागलं, आणि किंमत होती तुरुंग. ती त्यांनी मोजली.